बिऱ्हाड हलवताना

आमच्या घरमालकाने गेल्या दिवाळीत निरोप दिला, घर पाडून नवी इमारत उभी करायची आहे, पुढच्या चतुर्थीपर्यंत खोल्या मोकळ्या करा. दहा महिन्यांची मुदत म्हणजे भरपूर झाली. धाकट्या भावाने लगेच शंभर पानी वही आणली, रेघा मारल्या आणि 'न्यायचे', 'द्यायचे', 'टाकायचे' असे तीन रकाने पाडले. आठ दिवसांत पहिला रकाना भरून पानाबाहेर गेला, दुसऱ्यात चार ओळी होत्या आणि तिसरा कोरा राहिला. तांब्याचे भाण, आजीचा रगडा, बाबांची जुनी दैनिके, एक पाय नसलेले खुर्चीवजा काहीतरी. सगळे न्यायचे!

आईने वहीकडे बघितलेही नाही. तिने परसातल्या तुळशीच्या मंजिऱ्या चुरल्या, एका कुंडीत माती भरली आणि बी पेरले. म्हणाली, "वृंदावन काही उचलता येत नाही. रोप आत्ता केले तर जाईपर्यंत मोठे होईल." आमच्या सगळ्या बेतात दूरदृष्टी म्हणावी अशी ती एकच गोष्ट होती, हे मला नंतर कळले.

पणजी सोडून आम्ही मांडवीपलीकडे पर्वरीला जाणार. जवळच्यांना फार वाईट वाटले. पण गोव्याची विधानसभासुद्धा २००० साली पणजीच्या आदिलशहाच्या राजवाड्यातून उठून पर्वरीच्या टेकडीवर गेली, तिथे आमचे काय? शिवाय पणजी ही मुळातच बिऱ्हाड हलवून आलेली राजधानी. खोकी बांधता बांधता मी या विषयाच्या मागे लागलो आणि बांधाबांध बाजूला राहिली. घरच्यांचे बोलणे खाल्ले ते वेगळे.

गोव्यात बिऱ्हाड हलवण्याची गोष्ट निघाली की आपल्याला पहिल्यांदा आठवतात ते देव. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून आणि महालक्ष्मी कोलव्याहून बांदिवड्याला, दामोदर मडगावहून जांबावलीला. ही यादी आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ असते. ती सांगताना मात्र आपण नेहमी एकच चित्र रंगवतो. काळोखी रात्र, पाठीमागे फिरंगी, डोक्यावर देव घेऊन नदी ओलांडणारी माणसे. चित्र खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण सालांकडे जरा नीट बघा.

तिसवाडीतली देवळे पोर्तुगीजांनी १५४० साली पाडली. साष्टी आणि बार्देश त्यांच्या हाती आले १५४३ साली. मंगेशाचे लिंग कुशस्थळीहून हलले ते १५६० साली आणि साष्टीतल्या देवळांवर सरसकट घाला पडला तो १५६७ साली. म्हणजे तिसवाडीत काय झाले हे साष्टीच्या गावकरांनी वीस वर्षे डोळ्यांनी पाहिले होते. ज्यांनी वीस वर्षे पाहिले ते शेवटच्या रात्री दचकून उठून पळाले असतील, हे मला पटत नाही. माझा आपला तर्क असा की पलीकडच्या तीरावर कोणाकडे उतरायचे, देव कुठे ठेवायचा, पूजा कोण करणार, हे आधी ठरलेले असणार. अंत्रुज महाल तेव्हा आदिलशाहीत होता, म्हणजे राज्य वेगळे, आणि अंतर म्हटले तर मधे एक नदी. कुशस्थळी अघनाशिनीच्या, म्हणजे आजच्या जुवारीच्या, काठावरच वसलेली. राज्य बदलले तरी मागे राहिलेल्या जमिनीवर आणि माणसांवर नजर ठेवता येईल इतकी जवळची जागा. शत्रूपासून दूर आणि शेतापासून जवळ अशी दुसरी जागा सापडली नसती. ही निवड घाईगर्दीत झालेली वाटत नाही.

सगळेच काही पलीकडच्या काठावर थांबले नाहीत. कित्येक घराणी समुद्रकिनाऱ्याने खाली होन्नावर, भटकळ, मंगळूर करत पार कोचीपर्यंत गेली आणि तिकडचीच झाली. आजही त्यांची पुढची पिढी कुलदेवाचा पत्ता शोधत फोंड्याला येते. मूळ गाव कोणते असे विचारले तर काहींना सांगता येत नाही, देव कोणता ते मात्र सांगतात. सामान कमी करायचे ठरवले की शेवटी काय उरते ते इथे दिसते.

आणखी एक गोष्ट त्यांनी बरोबर नेली, ती म्हणजे गावाचे नाव. वेर्ण्याला जिथे म्हाळसेचे मूळ देऊळ होते त्या जागेला आज जुने म्हार्दोळ म्हणतात. म्हणजे देवीबरोबर म्हार्दोळही नदी ओलांडून आले. नावाला वजन नसते, होडीत जागा लागत नाही.

असो. देवांचे स्थलांतर सगळ्यांना ठाऊक असते. मला त्याहून मजेशीर वाटते ती ज्यांच्यामुळे देवांना उठावे लागले त्या पोर्तुगीज सरकारच्याच बिऱ्हाडाची गोष्ट. त्यांना हलायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

जुने गोवे हे शहर ऐश्वर्याच्या शिखरावर असतानाच आतून पोखरले जात होते. जांभा दगड सच्छिद्र. वस्ती दाट, सांडपाण्याची सोय नाही, घाण पाणी झिरपून विहिरीत उतरायचे. सोळाव्या शतकापासूनच तिथे साथी येत राहिल्या आणि सतराव्या शतकात त्यांनी शहराचा कणा मोडला. त्यात डचांनी समुद्रावर कोंडी केली, व्यापार बसला, माणसे निघून जाऊ लागली. अशा वेळी १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजीराजांच्या फौजेने ओहोटीचा फायदा घेऊन जुवे बेट घेतले. जुवे म्हणजे सांतइश्तेव्ह, जुन्या गोव्याच्या अगदी समोर! विजरई कोंद द आल्व्होर ते परत घ्यायला स्वतः गेला आणि जखमी होऊन कसाबसा माघारी आला. मग त्याने सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन आपला अधिकारदंड संताच्या पायाशी ठेवला, आता तुम्हीच राज्य सांभाळा म्हणून. पाठीवर मोगल फौज चालून आली म्हणून संभाजीराजे परतले आणि शहर वाचले.

विजरईचा धीर मात्र सुटला तो सुटलाच. १६८४ साल उजाडताच त्याने सल्लागारांना बोलावून राजधानी मुरगावला हलवायचे ठरवले. कागदावर पाहिले तर या बेतात खोट काढायला जागा नाही. मुरगावला भक्कम किल्ला होता. मांडवीचे मुख पावसाळ्यात गलबतांना बंद होते, मुरगावचे बंदर त्या मानाने सुरक्षित. तीन बाजूंनी पाणी, हवा मोकळी. लिस्बनहून राजाची मंजुरी आली, मुरगावला बांधकाम सुरू झाले. जुन्या शहरातल्या सरकारी इमारती पाडून त्यांचा दगड तिकडे न्यावा असेही हुकूम सुटले.

आणि मग जे आपल्या घरात होते तेच सरकारात झाले. कोणी नाही म्हणेना, पण कोणी उठेना. मठवाल्यांचे भव्य मठ इथे, सरदारांचे वाडे इथे. नव्या जागी पुन्हा तेवढे बांधायला पैसा कुठून आणायचा? एक विजरई काम पुढे रेटी, दुसरा येऊन ते थांबवी. लिस्बनहून हुकूम येत, इथून उत्तरे जात, एकेका पत्राला येण्याजाण्यात वर्ष दीड वर्ष मोडे. सतराशेनंतर एक विजरई काही काळ मुरगावला जाऊन राहिलाही. पण राजधानी काही त्याच्या मागे गेली नाही. शेवटी १७१२ साली राजानेच काम बंद करण्याचा हुकूम दिला. अठ्ठावीस वर्षांचा बेत, नकाशे, पैसा, दगड सगळे वाया.

दरम्यान खरे स्थलांतर कोणालाही न विचारता सुरू झाले होते. १६९५ साली विजरईने शहरातला आपला राजवाडा सोडला आणि जवळच पणेलीला जाऊन राहिला. राजधानी हलवलेली नाही, फक्त साहेबांचे राहते घर बदलले आहे. आपल्याकडे नाही का, 'थोडे दिवस हवापालट' म्हणून गेलेली माणसे परत येत नाहीत, तसेच हे. पणेलीला चौसष्ट वर्षे काढली. तिथेही साथ पोचली तेव्हा १७५९ साली कोंद द एगा आणखी पश्चिमेला सरकून पणजीला आदिलशहाच्या जुन्या राजवाड्यात आला. हा राजवाडा तोपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या विजरईंचा उतरण्याचा मुक्काम होता. मुरगावसारखा नवा किल्ला नाही, नवा नकाशा नाही. तयार घर होते, त्यात शिरले.

पणजी तेव्हा होती काय? कोळ्यांच्या झोपड्या, माड, खाजण, चिखल. तिथे पोचायचे म्हटले तरी रायबंदरपासून पुढे दलदल. पण रस्ता आधीच झालेला होता! कोंद द लिन्यारिश या विजरईने १६३३-३४ च्या सुमारास पणजी ते रायबंदर असा जवळजवळ तीन किलोमीटरचा बांध घातला होता. आपण आजही त्याच्यावरून गाड्या हाकतो आणि खड्ड्यांबद्दल सरकारला शिव्या देतो. त्याने तो बांध घातला तेव्हा राजधानी पणजीला आणायचा विचार कोणाच्या स्वप्नातही नव्हता. सव्वाशे वर्षांनी राजधानी आली ती त्याच बांधावरून. मुरगावच्या अठ्ठावीस वर्षांच्या योजनेपेक्षा हा एक बांध अधिक कामाचा ठरला. इतिहासकार याला काय म्हणतील कोण जाणे, मला मात्र आईची तुळशीची कुंडी आठवली.

लिस्बनमधल्या मुत्सद्द्यांना हे उमजले नाही. मार्केस द पोंबालने १७७० च्या दशकात पुन्हा जुने गोवेच उभे करायचा घाट घातला. १७७५ च्या सुमारास त्या शहरात उरली होती सोळाशेच्या आसपास माणसे. ती शहर सोडून जायच्या तयारीत, आणि हुकूम आला पुनर्बांधणीचा. तोही पैसा गेला.

त्यानंतरचे सामान हळूहळू हलत राहिले. १८११ साली जकातीचे खाते पणजीला आले. जुना विजरईचा राजवाडा १८२० साली पाडला आणि त्याचा दगड पणजीच्या कामी आला. दों मान्युएल द पोर्तुगाल इ काश्त्रू याने १८२७ ते १८३५ च्या दरम्यान खाजणे बुजवली, सरळ रस्ते आखले, तेव्हा कुठे पणजीला शहराची कळा आली. २२ मार्च १८४३ च्या राजाज्ञेने पणजी 'नोव्हा गोवा' म्हणून रीतसर राजधानी झाली. म्हणजे विजरई राहायला आल्याला चौऱ्याऐंशी वर्षे झाल्यावर पत्ता बदलल्याची नोंद! आमच्या रेशनकार्डाचे असेच झाले होते, पण ते पुन्हा केव्हातरी.

या बदलात काय आले आणि काय मागे राहिले हे बघत पणजीत हिंडणे हा माझा आवडता उद्योग. आल्तिन्योच्या पायथ्याशी पायऱ्यांवरच्या चर्चमधली मोठी घंटा ऐकली आहे ना? ती मूळची जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्यातली. ती मठातून आधी आग्वादला गेली आणि १८७१ साली पणजीला आली. फोंताइन्यशमधल्या सेंट सेबॅस्टियनच्या कपेलातला उघड्या डोळ्यांचा क्रूसावरचा येशू इन्क्विझिशनच्या वाड्यातून आला. आधी तो पणजीच्या राजवाड्यात होता, १९१८ साली कपेलात नेला. ज्या घंटेचा मनोरा आहे तो मात्र जागेवरच राहिला. त्या मठाच्या चर्चचे छत १८४२ साली कोसळले, मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ साली पडला, उरलेला अर्धा अजून उभा आहे. मनोरा वृंदावनासारखाच, उचलता येत नाही.

ज्यांनी आपल्या देवांना घर सोडायला लावले त्यांचेही घर उठले, असे म्हणून आनंद मानणारे लोक मला भेटतात. मला तसे वाटत नाही. जुन्या गोव्याची खरी किंमत दिली ती विजरईने नव्हे, तिथल्या गोरगरिबांनी. साथीत मेले तेही तेच, शेवटपर्यंत मागे राहिले तेही तेच.

आता ज्या स्थलांतराची माणसे अजून आपल्यात आहेत त्याकडे येतो. सांगे तालुक्यातले कुर्डी. साळावली नदीवर धरण बांधायचे ठरले तेव्हा पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात येऊन लोकांशी बोलले होते, हे कुर्डीकर आजही सांगतात. दक्षिण गोव्याला पाणी मिळेल, त्यासाठी तुम्ही गाव द्या. सुमारे तीन हजार वस्तीचे ते सुपीक गाव. भात, माड, पोफळी, काजू, फणस, सगळे होते. देऊळ होते, कपेल होते, मुसलमानांची वस्ती होती. मोगूबाई कुर्डीकर १९०४ साली इथेच जन्मल्या आणि गावाचे नाव त्यांनी गाण्याबरोबर देशभर नेले. लोकांना वाडे आणि वाळकिणी इथे जमिनी आणि भरपाई देण्यात आली, आणि १९८६ साली गाव पाण्याखाली गेले.

म्हणजे इथे मुदत भरपूर होती. जुन्या गोव्यासारखी साथ नाही, कुशस्थळीसारखी तलवार नाही. सरकार आपले, योजना लेखी. कुर्डीच्या महादेवाचे जांभ्याच्या प्रदेशात दुर्मीळ असे कदंबकालीन दगडी देऊळ तर पुरातत्त्व खात्याने कसे नेले ते पाहण्यासारखे आहे. एकेका दगडाला क्रमांक घातला, देऊळ उतरवले, आणि सतरा किलोमीटरवर धरणाजवळ त्याच क्रमाने पुन्हा रचले. बिऱ्हाड कसे हलवावे याचा तो वस्तुपाठच. आमच्या भावाच्या वहीला लाज वाटावी असा. कुर्डीची जांभ्यात कोरलेली प्राचीन मातृदेवताही तिथून हलवली, ती आता वेर्ण्याला आहे. जिथून म्हाळसा चारशे वर्षांपूर्वी निघून गेली तिथेच कुर्डीची आई वस्तीला आली. हा योगायोग मला दर वेळी थोडा हलवून जातो.

पण देवळाच्या दगडाला घातला तसा क्रमांक माणसाला घालता येत नाही. कोणाच्या शेजारी कोण, कोणाच्या विहिरीवर कोण पाणी भरते, कोणत्या फणसाखाली दुपारची गप्पांची बैठक, हे कोणत्या नोंदवहीत होते? मी मे महिन्यात दोनदा कुर्डीला गेलो. पाणी ओसरले की भेगाळलेल्या मातीतून घरांची जोती, भिंतींचे तुकडे, झाडांचे खुंट वर येतात. सोमेश्वराचे छोटे देऊळ वर येते आणि त्याचा उत्सव तिथेच होतो. कपेलाचे फेस्तही होते. लोक मुलाबाळांसकट येतात. एक वयस्क गृहस्थ नातवाला एका जोत्यावर उभे करून सांगत होते, "हांगा आमची चूल." नातू मोबाइलवर फोटो काढत होता. मी विचारले, घर सोडताना काय काय नेले? ते म्हणाले, "जाता तेदें सगळें व्हेलें. पूण वाट खंय व्हरपाची?" नेता येईल तेवढे सगळे नेले, पण वाट कुठे न्यायची? त्यांना म्हणायचे होते ती घरापासून देवळापर्यंतची पायवाट. तिच्यावरूनच आम्ही चालत होतो. दर पावसाळ्यात ती पुन्हा पाण्याखाली जाते.

परत येऊन मी भावाची वही मागून घेतली. 'न्यायचे' च्या रकान्यातले अर्धे मीच खोडले. खुर्ची गेली, जुनी दैनिके एका वाचनालयाला दिली. रगडा आईने खोडू दिला नाही आणि मीही फार आग्रह धरला नाही. एक चौथा रकाना मात्र वाढवला आणि त्यात या घरातल्या जागांची नावे लिहिली. माटोळी बांधायची चौकट, बाबा पेपर वाचायचे ती खिडकी, शेजारच्या मावशींनी वीस वर्षे जिथून आमटीची वाटी दिली ती कुंपणाची फट. भाऊ म्हणाला, याचे काय करायचे? मलाही ठाऊक नाही. नव्या फ्लॅटच्या छताला माटोळीसाठी कड्या नाहीत, तेवढ्या बसवून घ्यायला सुताराला सांगितले आहे.

देवळात प्रसाद लावला, उजवा मिळाला. जाण्याचा दिवस श्रावणातला ठरला आहे. तुळस आता गुडघ्याएवढी झाली आहे. टेंपोत ती पुढे ड्रायव्हरशेजारी, आईच्या मांडीवर जाणार, हे आईने आत्ताच सांगून ठेवले आहे.